पायऱ्यांकडे बघणारा दिवा

अर्गिरिस लिवादासच्या पोटात वर्षभर थोडं थोडं दुखायचं आणि एक जानेवारीला फार दुखायचं. डॉक्टरला दाखवण्यासारखं ते दुखणं नव्हतं. त्याच्या चौकापासून तीनशे पावलांवर, त्याच कोरिंथू रस्त्यावर, बंदराच्या बाजूला आणखी एक चौक होता आणि त्या चौकात वासिलिस मानेसिस उभा राहायचा. दुखणं ते एवढंच.

दोघेही पात्रा शहराचे वाहतूक पोलीस. दोघांना पांढरी टोपी, पांढरे हातमोजे, कोपरापर्यंत पांढऱ्या बाह्या आणि उभं राहायला चौकाच्या मधोमध एक गोल लाकडी ओटा. त्या ओट्याला आमच्याकडे सगळे पिंपच म्हणायचे. अर्गिरिस पिंपावर उभा राहिला की रस्त्याच्या सरळ रेषेत त्याला मानेसिसची पाठ दिसायची आणि वारा समुद्राकडून असला तर त्याची शिट्टीही ऐकू यायची. बारा वर्षं तो ही पाठ बघत होता. स्वतःच्या बायकोची पाठसुद्धा त्याला इतकी पाठ नव्हती.

आता एक जानेवारीचं सांगतो. नव्या वर्षाच्या सकाळी गाडीवाला आपल्या चौकातल्या पोलिसासमोर गाडी थांबवायचा, खाली उतरायचा आणि पिंपाच्या पायथ्याशी काहीतरी ठेवून जायचा. कुणी वाइनची दमजान, म्हणजे वेताच्या जाळीतली पोटफुगी मोठी बाटली, कुणी ऑलिव्ह तेलाचा डबा, कुणी संत्र्यांची पेटी, कुणी पाय बांधलेली जिवंत टर्की. बेकरीवाले नव्या वर्षाचा केक आणायचे, मनुकांचे व्यापारी पोतं टाकायचे. दुपारपर्यंत पोलीस कमरेएवढ्या ढिगाच्या मधोमध उभा राहून हात करायचा आणि गाड्या ढिगाला वळसा घालून जायच्या. संध्याकाळी नगरपालिकेचा ट्रक येऊन सगळं अनाथाश्रमात नि वृद्धाश्रमात घेऊन जाई. पोलिसाच्या घरी जायची एक टोपली. म्हणजे वाइनसाठी कुणी कुणावर जळत नव्हतं. जळायचं ते ढिगासाठी. कारण दुपारी वर्तमानपत्राचा फोटोवाला यायचा आणि शहरातला सर्वांत उंच ढीग तीन तारखेला पहिल्या पानावर छापून यायचा.

बारा वर्षांत बाराही वेळा तो ढीग मानेसिसचा.

का म्हणाल, तर मानेसिस नाचायचा. सरळ हात करून गाडी थांबवणं त्याच्या रक्तातच नव्हतं. तो कमरेतून वाकायचा, टाचेवर गिरकी घ्यायचा, ट्रकवाल्याला असा हात करायचा की जणू राजवाड्याचं दार उघडतोय. ब्रिंडिसीच्या बोटीतून उतरलेले इटालियन गाडी बाजूला लावून त्याचे फोटो काढायचे. अर्गिरिसचे हात मात्र पट्टीने आखल्यासारखे. बारा वर्षांत त्याच्या चौकात कुणाचा आरसासुद्धा फुटला नव्हता. मानेसिसच्या चौकात वर्षाला दोन-तीन गाड्या एकमेकींच्या ढुंगणावर आपटायच्या, कारण चालवणारे रस्त्याऐवजी त्याच्याकडे बघत बसायचे. त्या आपटणाऱ्यांच्या हातून सुद्धा एक जानेवारीला मानेसिसलाच दमजान मिळायची. यात न्याय कुठे आहे ते मला सांगा.

आणि त्यात हे नाव. एक जानेवारी म्हणजे संत वासिलिओसचा दिवस, वासिलिस नावाच्या प्रत्येकाचा सण. ज्या दिवशी गाव पोलिसांना भेटी देतं त्याच दिवशी मानेसिसचा सण, म्हणजे दुप्पट. बाकीचे पोलीस हसून सोडून देत. अर्गिरिसच्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. "बापाने नाव ठेवताना डोकं चालवलं असतं तर," तो म्हणायचा, "संतसुद्धा त्याच्याच ओळखीचा निघाला."

सगळ्यांत वर त्याची स्वतःची बायको, पोलिक्सेनी. ती दरवर्षी पिठीसाखरेत घोळलेल्या बदामाच्या बिस्किटांचं ताट करायची आणि निळ्या भरतकामाच्या रुमालाखाली झाकून मानेसिसच्या चौकात नेऊन द्यायची. सणाचा मान म्हणून.

"तू माझी बायको आहेस की त्याची?" १९६५ च्या एक जानेवारीला, टोपी घालता घालता, अर्गिरिसने तोफ डागली.

"सण आहे त्या माणसाचा. बारा वर्षं एका रस्त्यावर उभे आहात. तू तर कधी तोंड उघडून 'शतायुषी हो' म्हणाला नाहीस. घरातून कुणीतरी म्हणायला नको?"

"मग एक ताट माझ्या पिंपापाशीही ठेव की!"

"नवऱ्याला रस्त्यात भेट देऊ? लोक हसतील रे. तुझी बिस्किटं घरी आहेत, डब्यात. खा हवी तेवढी."

डब्यातल्या बिस्किटांचा फोटो येत नाही, हे तिला कोण समजावणार. त्या वर्षी अर्गिरिसचा ढीग गुडघ्याएवढा झाला. मानेसिसच्या ढिगावर तर एक कोकरूच होतं, गळ्यात लाल फीत बांधलेलं, आणि फोटोत ते कोकरूसुद्धा हसतंय असं वाटत होतं.

मार्चमध्ये अथेन्सहून एक इंजिनीअर आला. रावानिस नाव, बारीक मिशी, चामड्याची बॅग. अथेन्सचा नवा राष्ट्रीय रस्ता झाल्यापासून पात्रात गाड्या लोटत होत्या आणि सरकारने देशभर वाहनांची मोजणी काढली होती. ठाण्याच्या मोठ्या खोलीत त्याने आठ चौकांतल्या आठ पोलिसांना उभं करून भाषण ठोकलं. आठवडाभर प्रत्येकाने छापील कागदावर गाड्यांच्या रेघा मारायच्या. चौकात चार दिशांनी रस्ते येतात, म्हणून कागदावर चार रकाने. कोणत्या दिशेने किती ट्रक, किती बस, किती मोटारी, किती घोडागाड्या, किती सायकली.

"या मोजणीवरून," रावानिस म्हणाला, "चौकांची श्रेणी ठरेल. ज्या चौकातून सर्वांत जास्त वाहनं जातात, तो प्रथम श्रेणीचा चौक. त्याची सुधारणा सर्वांत आधी होईल."

अर्गिरिसच्या कानात एवढंच राहिलं. प्रथम श्रेणी. बोटीचं तिकीट प्रथम श्रेणीचं असतं, रेल्वेचा डबा असतो. चौकही असतो हे त्याला त्या दिवशी कळलं. घरी येईपर्यंत त्याने मनात नवं पिंप रंगवून टाकलं होतं. संगमरवरी, वर छत्री, पुढे पितळी पाटी. त्या छत्रीखाली तो उभा, आणि रावानिससारखी माणसं अथेन्सहून पाहायला आलेली. मानेसिस तिकडे दुय्यम श्रेणीत गिरक्या घेतोय. घेऊ दे.

आठवडाभर त्याने इमानदारीने रेघा मारल्या. अगदी झोळीत बाळ घालून सायकल ढकलणारी बाईसुद्धा त्याने सायकल या सदरात धरली. शनिवारी बेरीज झाली. दिवसाला सहा हजार एकशे चाळीस. कागद जमा करायला तो ठाण्यात गेला तेव्हा टेबलावर मानेसिसचा कागद आधीच पडलेला होता. त्याने मान वाकडी करून वाचला. नऊ हजार.

नऊ हजार! गोल, गुळगुळीत, आळशी आकडा. मोजलेला नाही, डोक्यातून काढलेला, हे आंधळ्यालाही कळलं असतं. अर्गिरिसच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कागद देतो, जरा बेरीज तपासायची राहिली, असं कारकुनाला सांगून तो समोरच्या थेमिसच्या मिठाईच्या दुकानात जाऊन बसला आणि कॉफी मागवली.

ट्रकच्या रेघा वाढवल्या. बसच्या वाढवल्या. घोडागाड्या किती वाढवणार, घोडे दिसतात. तरी साडेसात हजारांच्या वर गाडं जाईना. मग त्याची नजर चौथ्या रकान्यावर गेली. तो रकाना त्याने कोराच ठेवला होता, कारण त्याच्या चौकाला चौथा रस्ताच नव्हता. तीन बाजूंनी रस्ते आणि चौथ्या बाजूला वरच्या गावात जाणाऱ्या दगडी पायऱ्या. एकशे नव्वद पायऱ्या. त्यावरून आजवर म्हाताऱ्या, बकऱ्या आणि एकदा एक दारुडा यांच्याशिवाय काही उतरलेलं नव्हतं.

रकाना मात्र कोरा होता, आणि अथेन्स लांब होतं. अर्गिरिसने पेन्सिल ओली केली आणि पायऱ्यांवरून दिवसाला दोन हजार शंभर वाहनं उतरवली. त्यात तीनशे ट्रक.

"काय रे, एवढा घाम कसला?" थेमिसने कप उचलताना विचारलं. थेमिस म्हणजे आमच्या रस्त्याचं चालतं वर्तमानपत्र.

"सरकारी काम आहे."

"सरकारी कामात घाम? पहिल्यांदाच बघतोय."

एकूण आकडा झाला नऊ हजार सहाशे बारा. मानेसिसहून सहाशे बारा जास्त. ते बारा त्याने मुद्दाम ठेवले, खरे वाटावेत म्हणून.

जूनमध्ये पत्र आलं. ठाण्याचे साहेब स्कूरास यांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं की कोरिंथू रस्त्यावरचा पायऱ्यांजवळचा चौक हा पात्रातला एकमेव प्रथम श्रेणीचा चौक. अर्गिरिसने मानेसिसकडे पाहिलं. मानेसिसने टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून, आणि जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला. "शाबास, अर्गिरिस! तुलाच मिळायला हवी होती ती श्रेणी." अर्गिरिसला वाटलं, जळतोय आतून, वरून हसतोय. आपण हसतो तेव्हा तसंच असतं, म्हणून त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

तो उन्हाळा त्याच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा. पिंपावर उभं राहताना त्याची हनुवटी दोन बोटं वर गेली. थेमिसच्या दुकानात तो "आमच्या श्रेणीच्या चौकात" अशी सुरुवात करून बोलू लागला. पोलिक्सेनी कंटाळून म्हणाली, "आता तुझं जेवण पण प्रथम श्रेणीचं लागणार का? मसूरच आहे आज."

नोव्हेंबरमध्ये मजूर आले. त्यांनी चौकाच्या चार कोपऱ्यांत खड्डे खणले. अर्गिरिस पिंपावरून बघत होता. छत्रीला चार खांब लागणारच, तो मनाशी म्हणाला. खांब आले. खांबांवर डबे आले. डब्यांत काचा होत्या, तांबडी, पिवळी, हिरवी.

"हे काय?" त्याने मुकादमाला विचारलं.

"दिवे हो, साहेब. आपोआप चालणारे. अथेन्समध्ये आहेत की, गेला नाहीत का कधी? सुधारणा!"

"आणि मी?"

मुकादमाने त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या नकाशाकडे, जणू नकाशात तो कुठे दाखवलाय का ते शोधत होता. "तुमचं पिंप पंधरा तारखेला उचलायचंय," तो म्हणाला.

चौथा खांब पायऱ्यांच्या तळाशी बसला आणि त्याचा दिवा वर, पायऱ्यांकडे तोंड करून उभा राहिला. मजूर हसायला लागले. मुकादम ओरडला, "कागदावर चार आहेत, चारच बसणार! मला अक्कल शिकवू नका." आठवडाभर सगळी पात्रा तो दिवा बघायला आली. वरच्या गावच्या म्हाताऱ्या बकरी घेऊन उतरायच्या आणि तांबडा लागला की मुद्दाम थांबून बकरीला म्हणायच्या, "थांब गं बाई, दंड होईल." लोकांनी अथेन्सला मनसोक्त शिव्या घातल्या. ते शहाणे, कधी पात्रात पाय ठेवला नाही, त्यांना पायऱ्या काय माहीत. अर्गिरिसही त्यात सूर मिसळायचा, पण त्याचा आवाज जरा लवकर बसायचा.

पंधरा डिसेंबरला महापौर आले, पाद्रीबुवांनी तुळशीच्या जुडीने चारही दिव्यांवर पवित्र पाणी शिंपडलं, आणि अर्गिरिसचं पिंप हातगाडीवर घालून ठाण्याच्या मागच्या आवारात नेऊन ठेवलं. अर्गिरिसला पदपथावर उभं केलं. दिव्यांच्या पेटीशेजारी. लोकांना सवय होईपर्यंत महिनाभर त्याने लक्ष ठेवायचं होतं की कुणी तांबड्यात घुसत नाही ना. त्यानंतर ठाण्यात टेबल.

आणि त्याने बघितलं ते काय? दिवा त्याच्यापेक्षा चांगलं काम करत होता, असं नाही. त्याच्यासारखंच करत होता. हसणं नाही, नाचणं नाही, गिरकी नाही, वेळेवर थांब, वेळेवर जा. बारा वर्षं त्याने तेच केलं होतं आणि कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं. आता मात्र गाडीवाले काच खाली करून म्हणत होते, "वा! काय शिस्त आहे!" ट्रामच्या बंद पडलेल्या रुळांवर उभं राहून पोरीबाळी दिवे बदलताना टाळ्या पिटत होत्या. अर्गिरिसच्या जिवाची अशी काही आग झाली की त्याने एकदा, आजूबाजूला कुणी नाही बघून, खांबाला बुटाची ठोकर मारली. दुखलं त्यालाच.

मग उजाडला १९६६ चा एक जानेवारी.

सकाळी आठला मनुकांचे व्यापारी कोंडोस यांची काळी मर्सिडीज तांबड्यावर थांबली. कोंडोस उतरले, डिकी उघडली, वाइनची भली मोठी दमजान काढली. अर्गिरिसने बाह्या सरळ केल्या आणि पदपथावरून एक पाऊल पुढे टाकलं. कोंडोसांनी दमजान खांबाच्या पायथ्याशी ठेवली.

"कोंडोससाहेब, हे कुणाला?"

"दिव्याला, अरे! कुणाला म्हणजे? वर्षभर एवढा रस्ता सांभाळणार तो. आणि बघ, माझ्यावर ओरडत नाही." ते खदाखदा हसले, अर्गिरिसच्या पाठीवर थाप मारली आणि हिरव्यावर निघून गेले.

थट्टाच ती, पण आमच्या गावात थट्टेला पाय फुटायला वेळ लागत नाही. दहापर्यंत खांबाभोवती संत्र्यांच्या चार पेट्या झाल्या. अकरापर्यंत गुडघ्याएवढा ढीग, बारापर्यंत कमरेएवढा. लोक मेझोनोसच्या रस्त्यावरून मुद्दाम वळसा घालून येत होते. कुणी तिन्ही रंगांच्या फिती आणून खांबाला बांधल्या. कुणी दिव्यावर पोलिसाची जुनी टोपी चढवली. अर्गिरिसने आयुष्यात एवढा मोठा ढीग इतक्या जवळून पाहिला नव्हता, आणि तो एका लोखंडाच्या डब्याचा होता. माणसावर जळणं त्याला सवयीचं होतं. डब्यावर जळायची वेळ येईल असं त्याला वाटलं नव्हतं, पण जळायला त्याला काही अडचण आली नाही.

दुपारी फोटोवाला आला. तिपाई लावली, कापडात डोकं घातलं, पुन्हा बाहेर काढलं.

"काका, जरा बाजूला व्हा ना."

"मी?"

"मध्ये येताय तुम्ही. दिवा झाकला जातोय."

अर्गिरिस बाजूला झाला. आणखी बाजूला झाला. पायऱ्यांच्या तळाशी, चौथ्या खांबापाशी जाऊन उभा राहिला. त्याच्यासमोर तो मूर्ख दिवा, ज्याला बघायला समोर कुणीच नव्हतं, तांबड्याचा हिरवा, हिरव्याचा तांबडा होत होता. त्या खांबाखाली फक्त एक ताट होतं. निळ्या भरतकामाच्या रुमालाने झाकलेलं. पोलिक्सेनी केव्हातरी पायऱ्यांवरून उतरून ठेवून गेली असावी. नवऱ्याला रस्त्यात भेट देणारी, लोक हसले तर हसू देत म्हणणारी. अर्गिरिसला रडू आलं आणि त्याचा त्याला राग आला.

"एक घेऊ का रे?"

मागे मानेसिस उभा होता. पांढरे हातमोजे, पांढऱ्या बाह्या. जेवणाच्या सुट्टीत तीनशे पावलं चालून आला होता, बारा वर्षांत पहिल्यांदा. त्याचं विचारून होईपर्यंत बिस्किट तोंडात होतं.

"यंदा माझ्याकडे ताट आलं नाही," तो म्हणाला, "म्हटलं, बघावं कुठे गेलं. ढीगही नाही आला फारसा. घोट्याएवढा. सगळे इकडे." त्याने ढिगाकडे बघितलं. त्याच्या मिशीवर पिठीसाखर होती. "डब्याला टर्की, अर्गिरिस. डबा टर्की खातो का?"

"तू जळतोयस," अर्गिरिस म्हणाला. त्याला बरं वाटलं.

"तर! पण तुला एक सांगतो. हा डबा माझ्या चौकात यायचा होता." मानेसिस त्याच्याजवळ सरकला आणि आवाज खाली आणला. "माझा साडू अथेन्समध्ये त्याच खात्यात शिपाई आहे. त्याने आधीच सांगितलं होतं, प्रथम श्रेणी म्हणजे दिवे. म्हणजे पिंप गेलं. माझ्या चौकात दिवसाला चौदा हजार गाड्या येतात रे. मी नऊ लिहिले. वाटलं, तेवढ्यात कुणीतरी पुढे जाईल. मेझोनोसच्या चौकातला जाईल. तू गेलास."

अर्गिरिसच्या डोळ्यांसमोर तो गोल, गुळगुळीत आकडा आला. आळशी नव्हता. आळशी दिसेल असा बनवलेला होता.

"आणि तू काय केलंस तेही मला ठाऊक आहे," मानेसिस म्हणाला. "बंदरावरून तुझ्याकडे येणारी प्रत्येक गाडी आधी माझ्या नाकासमोरून जाते. निम्म्या माझ्याच चौकात वळतात. तुझ्याकडे सहा हजारांवर येतच नाहीत. मग हा चौथा दिवा बसला, पायऱ्यांकडे तोंड करून, आणि सगळं गाव अथेन्सला हसलं. मी नाही हसलो. मी म्हटलं, अथेन्सला हे कुणीतरी पायऱ्यांवरून सांगितलंय."

"किती दिवस झाले कळून?"

"खांब बसला त्या दिवसापासून."

"आणि साहेबांना सांगितलं नाहीस?"

"वेडा आहेस का? सांगितलं असतं तर दिवे उचलून माझ्याकडे आणले असते!" मानेसिस हसला, मग हसणं अर्ध्यावरच थांबलं. "पण तू सांगू शकतोस. तो रावानिस आलाय, दिव्यांची तपासणी करायला. बघ, तिकडे थेमिसकडे कॉफी पितोय. जाऊन सांग की आकडे चुकले, माझेही आणि तुझेही. दिवे माझ्याकडे येतील, तुझं पिंप तुला परत. ओरडा खावा लागेल, पगार कापतील थोडा. मी तुला अडवणार नाही." त्याने हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. "मला नाचण्याशिवाय काही येत नाही, अर्गिरिस. टेबलावर कसा नाचू?"

अर्गिरिस निघाला. खरंच निघाला. थेमिसच्या काचेतून त्याला रावानिसची बारीक मिशी दिसत होती. मध्ये फक्त रस्ता होता आणि पायऱ्यांकडे बघणारा दिवा तांबडा होता. पंधरा दिवस लोकांवर ओरडून ओरडून त्याला सवय झाली होती, म्हणून तो थांबला. त्या दिव्यावर थांबणारा शहरातला पहिला शहाणा माणूस तो.

थांबल्या थांबल्या त्याला तीन तारखेचं पुढच्या वर्षीचं पान दिसलं. तो पिंपावर, मानेसिस टेबलावर. इथवर गोड होतं. मग त्याच्या डोळ्यांनी पान उलटलं. आधी बातमी येणार. मोजणीत गफलत उघडकीस. पात्रातला खरा प्रथम श्रेणीचा चौक मानेसिसचा. चौदा हजार गाड्या. मानेसिसचा दिवा, मानेसिसच्या दिव्याखालचा ढीग, आणि खाली बारीक अक्षरात, पायऱ्यांवरून ट्रक उतरवणारा अर्गिरिस लिवादास. थेमिसच्या दुकानात रोज कुणीतरी विचारणार, आज पायऱ्यांवरून किती ट्रक उतरले रे?

पिंप गेलेलं सोसवत होतं. ते वाक्य सोसवलं नसतं.

दिवा हिरवा झाला. अर्गिरिस हलला नाही. पुन्हा तांबडा झाला. पुन्हा हिरवा. मग तो मागे फिरला. मानेसिस तिथेच होता, रिकामं होत आलेलं ताट हातात धरून, आणि त्याचा चेहरा पोरासारखा उतरलेला होता. काहीतरी बोलायला हवं होतं. आता आलोच आहे परत तर काय बोलायचं, हे अर्गिरिसला सुचेना, म्हणून जे तोंडात आलं ते तो बोलला.

"सण आहे ना तुझा आज. शतायुषी हो, वासिलिस."

मानेसिसने ताट खाली ठेवलं आणि भर रस्त्यात त्याला मिठी मारली. फोटोवाला ओरडला, काका, पुन्हा मध्ये आलात! मानेसिस रडत होता. अर्गिरिसच्या गणवेशावर सगळी पिठीसाखर लागली. "विसरणार नाही मी हे," मानेसिस त्याच्या कानात म्हणत राहिला, "जिवंत आहे तोवर विसरणार नाही."

आणि विसरला नाही. तीच तर पंचाईत झाली. अर्गिरिस ठाण्यातल्या टेबलावर बसला, हरवलेल्या छत्र्या नि पाकिटांच्या नोंदी करत. मानेसिसने गावभर सांगितलं की एका माणसाने माझं पिंप वाचवलं, स्वतःचं जाऊ दिलं आणि माझं वाचवलं. कसं ते त्याने सांगितलं नाही, कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. न सांगितल्याने ते आणखीच मोठं वाटलं. पुढच्या एक जानेवारीला मानेसिसच्या पिंपाशी एकाऐवजी दोन ढीग होते. एकावर पुठ्ठ्याची पाटी, 'अर्गिरिसचा'. मानेसिस गाड्यांना गिरकी घेऊन थांबवायचा आणि आधी त्या ढिगाकडे बोट दाखवायचा, मग स्वतःच्या. फोटो आला तो त्या दोन ढिगांचा. मथळा होता, 'मानेसिसचं मोठं मन'.

अर्गिरिसने ते पान दोनदा वाचलं. पोलिक्सेनी मागून वाकून बघत होती.

"बघ," ती म्हणाली, "आला ना शेवटी तुझाही ढीग पेपरात."

 आयुष्यात एकदाच अर्गिरिसने एक मोठी गोष्ट केली होती, आणि ती चांगुलपणाने नाही तर जळून केली होती. हे ठाऊक असलेला जगात तो एकटाच होता, आणि त्या मोठेपणावर नाव मानेसिसचं लागलं होतं. त्याने पेपरची घडी केली, डबा पुढे ओढला आणि बदामाचं एक बिस्किट तोंडात टाकलं. गोड होतं. त्याच्या पोटात दुखायला लागलं.